नोटेवरची सही

शंभराची नोट हातात घेतली की गांधीजींच्या चित्राशेजारी बारीक अक्षरांत छापलेले एक वचन दिसते: धारकाला शंभर रुपये अदा करण्याचे. त्याखाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते. एक रुपयाच्या नोटेवर मात्र असे वचन नसते आणि बँकेचे नावही नसते. तिथे वर ‘भारत सरकार’ आणि खाली केंद्रीय अर्थसचिवांची सही. एक रुपयाची नोट आणि सगळी नाणी सरकारची, दोन रुपयांपासून वरच्या नोटा बँकेच्या, अशी कायद्याने केलेली ही वाटणी आहे. डॉ. मनमोहन सिंग 1976 ते 1980 या काळात अर्थ मंत्रालयात सचिव होते आणि 1982 ते 1985 गव्हर्नर. त्यामुळे त्यांची सही दोन्ही प्रकारच्या नोटांवर सापडते.

नोटा जमवणाऱ्यांना या सह्यांचे अप्रूप असते. बाकीच्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती या वाटणीमागची अडचण. सरकारला पैसा लागतो: धरणांना, सैन्याला, पगाराला, निवडणुकीच्या तोंडावर केलेल्या घोषणांना. नोटा छापणे आणि खर्च करणे ही दोन्ही कामे एकाच्याच हाती आली, तर नोटा छापून खर्च भागवण्याचा मोह आवरणे कठीण. मग बाजारात माल तेवढाच, नोटा मात्र दुप्पट, आणि भाव चढे. म्हणून बहुतेक देशांनी पैशाची किंमत राखण्याचे काम खर्च करणाऱ्यापासून वेगळे काढून मध्यवर्ती बँकेकडे दिले.

पण या बँकेच्या प्रमुखाला नेमते सरकारच. रिझर्व्ह बँक कायद्यानुसार गव्हर्नरांची नेमणूक जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी होते, मुदत वाढवायची की नाही हे सरकार ठरवते आणि कलम 11 नुसार सरकार त्यांना पदावरून दूरही करू शकते. कलम 7 तर आणखी पुढे जाते. गव्हर्नरांशी सल्लामसलत करून, सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटेल तो आदेश सरकार बँकेला देऊ शकते. म्हणजे ज्याने सरकारला वेळप्रसंगी ‘नाही’ म्हणायचे, त्याची खुर्ची सरकारच्याच हातात. रिझर्व्ह बँकेची नव्वद वर्षांची वाटचाल ही बरीचशी या ओढाताणीची कहाणी आहे.

वाघ, माड आणि पहिला राजीनामा

हिल्टन यंग आयोगाने 1926 मध्ये हिंदुस्थानासाठी मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. 1934 मध्ये कायदा झाला आणि 1 एप्रिल 1935 रोजी बँक सुरू झाली. तोवर नोटा काढण्याचे काम सरकारचे चलन खाते करी आणि सरकारचे बँकव्यवहार इम्पीरियल बँक सांभाळी. नव्या बँकेचे भांडवल 5 कोटी रुपये होते आणि ते खासगी भागधारकांचे होते. बोधचिन्हासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवरचे सिंह आणि माडाचे चित्र निवडले गेले. मात्र हिंदुस्थानाला वाघ अधिक शोभेल म्हणून सिंह गेला आणि वाघ आला. मुख्य कचेरी आधी कोलकात्यात होती, 1937 मध्ये ती कायमची मुंबईत आली.

पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ हे ऑस्ट्रेलियन होते आणि इम्पीरियल बँकेतून आलेले होते. व्याजदर आणि रुपयाचा पौंडाशी असलेला विनिमय दर या दोन्ही बाबतींत त्यांचे सरकारशी पटेना. व्हाइसरॉयच्या मंडळातले अर्थसदस्य सर जेम्स ग्रिग यांच्याशी त्यांचा खटका उडाला आणि मुदत संपण्याआधीच, 1937 च्या जूनअखेर ते पायउतार झाले. त्यांच्या कारकिर्दीत बँकेने स्वतःची एकही नोट काढली नव्हती, त्यामुळे पहिल्या गव्हर्नरांची सही कोणत्याच नोटेवर नाही. 1938 मध्ये आलेल्या पहिल्या नोटांवर सही आहे ती दुसरे गव्हर्नर सर जेम्स टेलर यांची. टेलर 1943 च्या फेब्रुवारीत पदावर असतानाच वारले. त्यांच्या जागी आलेला माणूस महाडजवळच्या नाते गावात जन्मलेला होता.

वनस्पतिशास्त्रातून चलनाकडे

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म 14 जानेवारी 1896 चा. 1912 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञान घेतले आणि वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक पटकावले. 1918 मध्ये आयसीएस परीक्षेतही पहिला क्रमांक. पुढची वीस वर्षे मध्य प्रांत व वऱ्हाडात प्रशासनात गेली. 1939 मध्ये ते सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यातला दुवा म्हणून बँकेत आले, मग मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले, 1941 मध्ये डेप्युटी गव्हर्नर आणि 11 ऑगस्ट 1943 रोजी गव्हर्नर. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय.

वेळ मोठी कठीण होती. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती, भाव कडाडले होते आणि या महागाईचे एक मूळ बँकेच्याच हिशेबात होते. ब्रिटन दुसऱ्या महायुद्धासाठी हिंदुस्थानातून कापड, धान्य, दारूगोळा उचलत होते, पण रोख किंमत देत नव्हते. लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावे पौंड जमा होत, त्या पौंडांच्या तारणावर रिझर्व्ह बँक इथे रुपयाच्या नोटा काढी आणि त्या नोटांतून पुरवठादारांचे पैसे भागत. पौंड लंडनमध्ये, नोटा हिंदुस्थानात आणि माल युद्धावर. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातील नोटा सहापटींहून अधिक झाल्या. युद्ध संपेपर्यंत ब्रिटन हिंदुस्थानचे सुमारे 130 कोटी पौंड देणे लागत होते. जो देश युद्धापूर्वी कर्जदार होता, तो कागदोपत्री सावकार झाला होता.

जुलै 1944 मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स येथे 44 देशांचे प्रतिनिधी जमले. युद्धानंतरची आर्थिक घडी बसवण्यासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया तिथे घातला गेला. अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या हिंदुस्थानच्या प्रतिनिधिमंडळात देशमुख होते, षण्मुखम चेट्टी होते आणि मुंबईचे उद्योजक-अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ होते. लंडनमध्ये अडकलेल्या पौंडांपैकी काही भाग तरी नाणेनिधीमार्फत डॉलरमध्ये बदलून मिळावा, असा हिंदुस्थानचा आग्रह होता. श्रॉफ यांनी तो सभेत जोरात मांडला. ब्रिटनच्या बाजूने जॉन मेनार्ड केन्स यांनी उत्तर दिले की, हे ब्रिटन आणि त्याचे घेणेकरी यांच्यातले प्रकरण आहे, ते आपसात सन्मानाने मिटवले जाईल. मागणी फेटाळली गेली.

दुसरी झुंज नाणेनिधीतल्या वाट्याची होती. हिंदुस्थानला 40 कोटी डॉलरचा वाटा मिळाला, चीनपेक्षा कमी आणि अपेक्षेपेक्षाही कमी. पण पुढे सोव्हिएत संघ नाणेनिधीत सामीलच झाला नाही आणि हिंदुस्थान पहिल्या पाच वाटेकऱ्यांत आला. त्यामुळे अजून स्वतंत्रही न झालेल्या देशाला नाणेनिधीच्या संचालक मंडळावर हक्काची जागा मिळाली. नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या 1950 च्या पॅरिस अधिवेशनाचे अध्यक्षपद देशमुखांकडे होते.

फाळणीच्या वेळी बँकेपुढे आलेला पेच जगात फारशा मध्यवर्ती बँकांना सोडवावा लागला नसेल. दोन देश झाले, पण नोट एकच होती. 30 जून 1948 पर्यंत रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोघांचीही मध्यवर्ती बँक राहिली. ‘पाकिस्तान सरकार’ अशी अक्षरे वर ठसवलेल्या नोटा नाशिकच्या सरकारी छापखान्यातच तयार झाल्या. रोख शिलकेतल्या पाकिस्तानच्या 75 कोटींच्या वाट्यापैकी 55 कोटींवरून काश्मीर युद्धाच्या काळात रण माजले आणि गांधीजींच्या उपोषणानंतर जानेवारी 1948 मध्ये ती रक्कम देण्यात आली. हे सगळे सीमेवर गोळीबार चालू असताना, एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोन सरकारांच्या मध्ये बसून करायचे होते.

1 जानेवारी 1949 रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. भागधारकांना शंभर रुपयांच्या भागामागे 118 रुपये 10 आणे मोबदला मिळाला. जूनअखेर देशमुख पदमुक्त झाले आणि वर्षभरातच केंद्रीय अर्थमंत्री झाले. संस्कृतचे वेड कायम राहिलेल्या या अर्थमंत्र्याने कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत काव्यानुवादही केला. जुलै 1956 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले ते मुंबईसाठी. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचा निर्णय आणि मुंबईतला पोलीस गोळीबार यांवरून त्यांनी नेहरूंना लोकसभेत जाहीरपणे जाब विचारला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या राजीनाम्याला फार मोलाचे स्थान आहे. रिझर्व्ह बँकेच्या दृष्टीने मात्र त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. देशमुखांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले.

अर्थखात्याचा एक विभाग?

गव्हर्नरपदी तेव्हा सर बेनेगल रामा राव होते. 1949 पासून साडेसात वर्षे ते या पदावर होते, आजवरची सर्वांत दीर्घ कारकीर्द त्यांचीच. 1956 च्या नोव्हेंबरअखेर कृष्णम्माचारींनी हुंड्यांवरचे मुद्रांक शुल्क एकदम वाढवले. दिसायला ही साधी करवाढ होती. पण बँका याच हुंड्यांच्या आधारे रिझर्व्ह बँकेकडून कर्ज घेत, त्यामुळे बँकदर साडेतीन टक्के राहूनही त्यांना ते कर्ज प्रत्यक्षात चार टक्क्यांना पडू लागले. व्याजदर ठरवणे हे गव्हर्नरांचे काम. अर्थमंत्र्यांनी ते कराच्या आडवाटेने करून टाकले होते.

रामा रावांनी हरकत घेतली. बँकेच्या मध्यवर्ती मंडळाने डिसेंबरात ठराव करून नाराजी नोंदवली. कृष्णम्माचारींचे म्हणणे होते की, रिझर्व्ह बँक हा अर्थखात्याचाच एक विभाग आहे. नेहरूंनी मंत्र्यांची बाजू घेतली. बँकेने सल्ला जरूर द्यावा, पण तिची धोरणे सरकारच्या धोरणांशी विसंगत असून चालणार नाही, असे त्यांनी गव्हर्नरांना लेखी कळवले. जानेवारी 1957 मध्ये रामा राव घरी गेले. के. जी. आंबेगावकर यांनी काही आठवडे हंगामी कारभार पाहिला आणि मे महिन्यात बँकदर रीतसर चार टक्के करण्यात आला.

पुढच्याच वर्षी आयुर्विमा महामंडळाच्या वादग्रस्त गुंतवणुकीच्या मुंदडा प्रकरणात, न्यायमूर्ती छागला आयोगाच्या अहवालानंतर, कृष्णम्माचारींनाही मंत्रिपद सोडावे लागले. पण पायंडा पडायचा तो पडला होता. मतभेद विकोपाला गेला तर जायचे गव्हर्नरांनीच.

कोऱ्या चेकबुकची चाळीस वर्षे

त्या भांडणाच्या आधीच, 1955 मध्ये, एक कमी बोलबाल्याची पण अधिक खोलवर परिणाम करणारी व्यवस्था झाली होती. सरकारच्या खात्यातली शिल्लक 50 कोटींच्या खाली गेली की, रिझर्व्ह बँक सरकारच्या नावाने ‘अॅड हॉक’ ट्रेझरी बिले तयार करून तेवढी रक्कम खात्यात भरून टाकी. सरकारने मागायचे नाही, बँकेने विचारायचे नाही. तात्पुरती सोय म्हणून आलेली ही पद्धत चार दशके टिकली आणि अर्थसंकल्पातली तूट थेट नव्या नोटांत उतरू लागली. सरकारपाशी कोरे चेकबुकच होते म्हणा ना. या काळात गव्हर्नर कितीही करारी असला, तरी चलन किती वाढणार हे मुंबईत ठरत नसे, ते दिल्लीतल्या तुटीवर ठरे.

हे थांबले ते सप्टेंबर 1994 मध्ये झालेल्या करारामुळे. करार करणारे अर्थमंत्री होते मनमोहन सिंग आणि गव्हर्नर होते सी. रंगराजन. टेबलाच्या दोन्ही बाजूंना या प्रश्नाची पुरती जाण असलेली माणसे होती. तीन वर्षांत पायरीपायरीने अॅड हॉक बिले कमी करत 1 एप्रिल 1997 पासून ती बंद झाली. तेव्हापासून सरकारला बँकेकडून मिळते ती ठरावीक मर्यादेतली, थोड्या मुदतीची उचल. बाकीचे कर्ज बाजारातून, बाजाराच्या व्याजाने घ्यावे लागते.

जुलै 1991

रंगराजन आणि सिंग यांची जोडी त्याआधी एका मोठ्या संकटात एकत्र आली होती. 1991 च्या मध्याला देशाकडे जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते. सरकारने जप्त केलेले 20 टन सोने मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडमध्ये, परत विकत घेण्याच्या बोलीवर, विकले गेले होते. जुलैत त्याहून मोठा निर्णय झाला. रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतले सुमारे 47 टन सोने 4 ते 18 जुलै या पंधरवड्यात मुंबईहून चार खेपांत विमानाने लंडनला गेले. त्याच्या तारणावर बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे 40 कोटी डॉलर मिळाले. घरातले दागिने गहाण टाकणे म्हणजे काय हे ज्या देशात शेंबड्या पोराला कळते, तिथे ही बातमी फुटल्यावर काय झाले असेल, ते सांगायला नको.

सोन्याची पहिली खेप निघाली त्याच आठवड्यात रुपयाचे अवमूल्यन झाले, तेही दोन टप्प्यांत: 1 जुलैला एक, 3 जुलैला दुसरे. या बेताचे सांकेतिक नाव खेळाच्या मैदानावरून उचललेले होते, ‘हॉप, स्किप अँड जम्प’. पहिल्या टप्प्यावर गदारोळ उठला तेव्हा पंतप्रधान नरसिंह राव साशंक झाले आणि दुसरा टप्पा थांबवावा असे त्यांना वाटले. 3 जुलैच्या सकाळी मनमोहन सिंग यांनी तेव्हा डेप्युटी गव्हर्नर असलेल्या रंगराजन यांना फोन लावला. रंगराजन यांनी कळवले की, उडी मारून झाली आहे. बाजार उघडताच नवा दर जाहीर झालेला होता.

गहाण सोने त्याच वर्षी सोडवले गेले. 2009 मध्ये रिझर्व्ह बँकेने नाणेनिधीकडून 200 टन सोने विकत घेतले आणि मार्च 2024 अखेर बँकेकडे 822 टन सोने होते. त्यातले 408 टन देशात होते, ते मुख्यतः मुंबई आणि नागपूरच्या तिजोऱ्यांत.

ठेवीदाराचा रुपया

गव्हर्नरांचे नाव एरवी न घेणारा माणूस ते घेतो, जेव्हा त्याची बँक बुडते. 1960 मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, देशभर ठेवीदारांत घबराट पसरली. त्यातून 1 जानेवारी 1962 पासून ठेवींना विम्याचे संरक्षण आले. राष्ट्रीय पातळीवर अशी योजना आणणारा अमेरिकेनंतरचा हा दुसरा देश. विम्याची रक्कम होती ठेवीदारामागे 1,500 रुपये. वाढत वाढत ती 1993 मध्ये 1 लाख झाली आणि तिथेच सत्तावीस वर्षे अडकली.

ती हलली मुंबईतल्या एका घटनेनंतर. 23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. पहिल्या आदेशात खातेदाराला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती. एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला बँकेच्या कर्जाचा प्रचंड वाटा गेला होता आणि तो खोट्या खात्यांआड लपवलेला होता. लग्न, दवाखाना, सोसायटीचा देखभाल खर्च, सगळेच अडले. फेब्रुवारी 2020 मध्ये विम्याची मर्यादा 5 लाख झाली, त्याच वर्षी बँकिंग नियमन कायदा दुरुस्त होऊन सहकारी बँकांवरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले, आणि जानेवारी 2022 मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. नागरी सहकारी बँकांचे जाळे महाराष्ट्रात सर्वांत दाट असल्याने या बदलाची झळ आणि फायदा दोन्ही इथे अधिक पोहोचले. 1966 पासून या बँकांवर सहकार निबंधक आणि रिझर्व्ह बँक असे दोन धनी होते, आणि दोघांच्या भांडणात तपासणी ढिली पडे, ही तक्रार जुनीच होती.

तीन नोटाबंदी, तीन गव्हर्नर

मोठ्या नोटा रद्द करण्याचा प्रयोग देशात तीनदा झाला. जानेवारी 1946 मध्ये पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा गेल्या, तेव्हा गव्हर्नर देशमुख होते. जानेवारी 1978 मध्ये मोरारजी देसाई सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या, तेव्हाचे गव्हर्नर आय. जी. पटेल या निर्णयाच्या विरोधात होते. काळा पैसा कोणी नोटांच्या रूपात ट्रंकेत भरून ठेवत नाही, अशा आशयाचे त्यांचे मत त्यांनी पुढे लिहूनही ठेवले. या दोन्ही वेळा अध्यादेश निघाले होते आणि रद्द झालेल्या नोटा सामान्यांनी क्वचितच पाहिलेल्या होत्या.

8 नोव्हेंबर 2016 ची गोष्ट वेगळी. या वेळी रद्द झालेल्या पाचशे आणि हजारच्या नोटा म्हणजे चलनाच्या किमतीचा सुमारे 86 टक्के हिस्सा. बँकेच्या मध्यवर्ती मंडळाची बैठक पंतप्रधानांच्या भाषणाच्या काही तास आधी दिल्लीत झाली. त्या बैठकीचे इतिवृत्त पुढे माहितीच्या अधिकारातून बाहेर आले. काळा पैसा बहुतांशी रोख रकमेत नसून सोने आणि स्थावर मालमत्तेत आहे, हे मंडळाने त्यात नोंदवले होते आणि तरीही प्रस्तावाला मान्यता दिली होती. रद्द झालेल्या 15.41 लाख कोटींपैकी 15.31 लाख कोटी रुपये बँकांत परत आले. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय चार विरुद्ध एक मतांनी वैध ठरवला. विरोधी निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी बोट ठेवले ते नेमके जुन्या दुखण्यावर: कायद्यानुसार शिफारस बँकेच्या मंडळाकडून यायला हवी होती, इथे प्रस्ताव सरकारकडून आला होता आणि बँकेने स्वतंत्रपणे विचार केल्याचे दिसत नव्हते.

गव्हर्नर ऊर्जित पटेल तेव्हा गप्प राहिले, पण दोन वर्षांनी त्यांचेच सरकारशी बिनसले. बुडीत कर्जांनी पोखरलेल्या सरकारी बँकांवर लादलेली बंधने सैल करावीत, छोट्या उद्योगांना कर्ज सुटे करावे, आणि बँकेच्या गंगाजळीतून अधिक वाटा मिळावा, अशा सरकारच्या अपेक्षा होत्या. तोवर कधीही न वापरलेल्या कलम 7 खाली सल्लामसलत सुरू झाल्याच्या बातम्या आल्या. 26 ऑक्टोबर 2018 रोजी डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी मुंबईतल्या ए. डी. श्रॉफ स्मृतिव्याख्यानात, मध्यवर्ती बँकेच्या स्वायत्ततेचा मान न राखणाऱ्या सरकारांना कधी ना कधी बाजाराचा रोष सोसावा लागतो, असा इशारा दिला. ब्रेटन वुड्समध्ये सरकारी चाकोरीबाहेर बोललेल्या श्रॉफ यांच्या नावाचेच ते व्याख्यान होते. 10 डिसेंबरला पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला.

गंगाजळीचा प्रश्न बिमल जालान समितीकडे गेला. बँकेने आपत्कालासाठी किती राखावे याचे सूत्र समितीने ठरवून दिले आणि ऑगस्ट 2019 मध्ये 1,76,051 कोटी रुपये सरकारकडे गेले. 2024 मध्ये हा आकडा 2,10,874 कोटी आणि 2025 मध्ये 2,68,590 कोटी झाला.

सहा मते आणि एक पत्र

व्याजदराचा अंतिम निर्णय 2016 पर्यंत एकट्या गव्हर्नरांचा असे. त्या वर्षी कायदा बदलला आणि सहा जणांची पतधोरण समिती आली: तीन बँकेचे, तीन सरकारने बाहेरून नेमलेले, समसमान मते पडल्यास गव्हर्नरांचे निर्णायक मत. महागाई 4 टक्के राखायची, दोन टक्के खाली-वर चालेल, हे लक्ष्य सरकार दर पाच वर्षांनी ठरवते. बँकांना रिझर्व्ह बँकेकडून अल्पमुदतीचे कर्ज ज्या दराने मिळते तो रेपो दर, हे या समितीचे मुख्य हत्यार.

ते घरापर्यंत कसे पोहोचते हे 2022 मध्ये लाखो कर्जदारांना कळले. करोनाकाळात रेपो दर 4 टक्क्यांवर होता. 4 मे 2022 रोजी, ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन, गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी 0.40 टक्क्यांची वाढ जाहीर केली आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत दर साडेसहा टक्क्यांवर गेला. वीस वर्षांसाठी 7 टक्क्यांनी काढलेल्या 30 लाखांच्या गृहकर्जाचा हप्ता सुमारे 23,260 रुपये येतो. तोच दर साडेनऊ टक्के झाला की हप्ता सुमारे 27,960. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची म्हटली तरी पंचाईत, कारण साडेनऊ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच 23,750 रुपये होते. हप्ता भरत राहायचे आणि कर्ज वाढतच जायचे, असा प्रकार. म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने फर्मान काढले की, व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की स्थिर दराकडे जायचे, याचा पर्याय बँकांनी कर्जदाराला द्यावा.

महागाई सलग तीन तिमाह्या मर्यादेबाहेर राहिली, तर बँकेने त्याची कारणे, उपाय आणि महागाई आटोक्यात यायला लागणारा वेळ सरकारला लेखी कळवला पाहिजे, असे कायदा सांगतो. 2022 मध्ये ती वेळ प्रथमच आली आणि नोव्हेंबरात पत्र गेले. पण त्यात काय लिहिले होते हे बाहेर आले नाही. ही सरकारशी झालेली खासगी बातचीत आहे, ती उघड करण्याचा आपल्याला अधिकार नाही, अशी दास यांची भूमिका होती. पत्र प्रसिद्ध करण्याची तरतूद कायद्यात नाही, असे सरकारने संसदेत सांगितले. ब्रिटनमध्ये महागाई लक्ष्यापासून एका टक्क्याहून अधिक ढळली की बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर अर्थमंत्र्यांना असेच पत्र लिहितात आणि ते, मंत्र्यांच्या उत्तरासकट, जाहीर होते. आपल्याकडे ज्यांच्या हप्त्यात त्या वर्षभरात चार-पाच हजारांची भर पडली, त्यांना महागाई का आवरली नाही याचे बँकेने दिलेले अधिकृत उत्तर वाचायला मिळालेले नाही.